स्ट्राइकच्या अलीकडे, स्ट्राइकच्या पलीकडे

एक्सपायरीचा मंगळवार, दुपारचे पावणेतीन. ठाण्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. वीस दिवसांपूर्वी त्यांनी एका खासगी बँकेच्या शेअरचा 1,000 रुपये स्ट्राइकचा, म्हणजे 1,000 या ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क देणारा, कॉल 25 रुपये प्रीमियम भरून घेतला होता. लॉट 600 शेअरचा, म्हणजे 15,000 रुपये गुंतलेले. शेअरचा भाव त्या घडीला 1,020 होता. "ॲपवर 'इन द मनी' असं दाखवतंय आणि त्याच्याच खाली तीन हजारांचा तोटा लाल अक्षरांत. दोन्ही खरं कसं असेल?" असा त्यांचा प्रश्न.

दोन्ही खरं होतं. पण ते समजावून सांगण्यात तीन वाजून गेले असते आणि साडेतीनला बाजार बंद झाला असता तर प्रश्न तीन हजारांचा राहिला नसता, सहा लाखांचा झाला असता. म्हणून मी म्हटलं, "सर, आधी तो विकून टाका, मग बोलू." त्यांनी विकला. ब्रोकरचे दोन मेसेज आधी येऊन गेले होते, ते त्यांनी जाहिरात समजून उघडलेच नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही जे बोललो, त्यातून हा लेख उभा राहिला आहे.

विषय आहे मनीनेस. मराठीत याला रुळलेला शब्द नाही. बाजारातली माणसं आयटीएम (इन द मनी), एटीएम (ॲट द मनी), ओटीएम (आउट ऑफ द मनी) असंच म्हणतात, म्हणून मीही तेच शब्द ठेवतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मनीनेस म्हणजे नफा किंवा तोटा, ही समजूत मुळातूनच चुकीची आहे. आपल्याकडच्या शेअर ऑप्शनमध्ये तर मनीनेस ही गेल्या काही वर्षांत जबाबदारी ठरवणारी रेषा झाली आहे.

जमिनीच्या व्यवहारातून सुरुवात केली तर गोष्ट लवकर उलगडते. समजा, एखादा प्लॉट सहा महिन्यांत 30 लाखांना घेण्याचा हक्क तुम्ही 2 लाख देऊन राखून ठेवलात. आपल्याकडच्या विसारापेक्षा हा करार वेगळा, कारण विसार दोघांनाही बांधतो आणि इथे बांधला गेलाय तो फक्त विकणारा. तुम्ही 2 लाखांवर पाणी सोडून केव्हाही बाजूला होऊ शकता. आता प्लॉटचा भाव 31 लाख झाला. हक्क कामाचा आहे, कारण 31 चा माल तुम्हाला 30 ला मिळतो. तरी तुमच्या खिशातून 2 लाख आधीच गेलेत, म्हणजे एकूण हिशेबात तुम्ही 1 लाखाने मागेच आहात. हक्क पैशात आहे, तुम्ही नाही. शिक्षकांच्या मोबाइलवर नेमकं हेच दिसत होतं. 1,020 चा शेअर 1,000 ला घेण्याचा हक्क, म्हणून इन द मनी. पण भरलेले 25 रुपये वसूल व्हायला भाव 1,025 च्या वर जायला हवा होता.

मनीनेस ठरवताना तुम्ही काय भरलंत हे कोणी विचारत नाही. फक्त दोन आकडे बघायचे, शेअरचा चालू भाव आणि स्ट्राइक. कॉलमध्ये भाव स्ट्राइकच्या वर असेल तर आयटीएम, खाली असेल तर ओटीएम. पुट हा विकण्याचा हक्क असल्यामुळे तिथे सगळं उलटं. भाव स्ट्राइकच्या आसपास असेल तर दोन्ही एटीएम. हे नेहमी हक्क घेणाऱ्याच्या बाजूने मोजलं जातं, त्यामुळे ऑप्शन विकून बसलेल्या माणसाला 'इन द मनी' ही वाईट बातमी असते. एनएसईच्या ऑप्शन चेनवर मधोमध स्ट्राइकचा रकाना असतो, डावीकडे कॉल, उजवीकडे पुट, आणि आयटीएमच्या ओळी रंगाने वेगळ्या केलेल्या असतात. भाव हलला की ती रंगाची पायरी एक घर वर किंवा खाली सरकते. कालचा ओटीएम आज आयटीएम होतो, तुम्ही काहीही न करता.

हे सगळं परदेशातून आयात झालं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. 1956 च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना कॉल आणि पुट यांच्याबरोबर 'तेजी', 'मंदी', 'तेजी-मंदी' आणि 'गली' हे शब्द लिहिलेले आहेत. मुंबईच्या बाजारात घेण्याचा हक्क म्हणजे तेजी, विकण्याचा हक्क म्हणजे मंदी आणि दोन्ही एकत्र म्हणजे तेजी-मंदी, हे इतकं रुळलेलं होतं की कायदा लिहिणाऱ्यांना ते टाळता आलं नाही. मुंबईच्या कापूस बाजारात तर हे सौदे इतके माजले होते की त्यांच्यावर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा 1939 मध्ये मुंबई प्रांतात झाला. पुढे 1956 च्या कायद्याच्या कलम 20 ने शेअरमधले ऑप्शनही बेकायदा ठरवले. हे कलम 1995 मध्ये निघालं. मग डॉ. एल. सी. गुप्ता समितीचा 1998 चा अहवाल आला, 1999 ची कायदादुरुस्ती झाली आणि 2 जुलै 2001 रोजी एनएसईवर 31 कंपन्यांच्या शेअरचे ऑप्शन सुरू झाले. दलाल स्ट्रीटवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली, सौदे पुढे ढकलत नेण्याची 'बदला' पद्धत त्याच महिन्यात संपली.

अमेरिकेत शिकागोच्या सीबीओई या बाजाराने 26 एप्रिल 1973 रोजी 16 शेअरवर प्रमाणित ऑप्शन सुरू केले, तेही फक्त कॉल. पुट 1977 मध्ये आले. त्याच 1973 साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा ऑप्शनची किंमत काढण्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मनीनेसचा अभ्यास खऱ्या अर्थाने तिथून मार्गी लागला, कारण तोवर प्रीमियम किती असावा हे अनुभवी माणूस अंदाजाने सांगायचा. आता तो का एवढा आहे हे उलगडून दाखवता येऊ लागलं.

ते उलगडणं म्हणजे प्रीमियमचे दोन तुकडे करणं. एक आंतरिक मूल्य, म्हणजे हक्क आत्ता वापरला तर जेवढं पदरात पडेल तेवढं. दुसरं कालमूल्य, म्हणजे उरलेल्या दिवसांत काहीतरी चांगलं घडेल या आशेची किंमत. आपल्या शिक्षकांच्याच बँकेचं उदाहरण घेऊ. ज्या दिवशी त्यांनी कॉल घेतला त्या दिवशी शेअर 1,000 वर, एक्सपायरीला 20 दिवस, शेअरची वार्षिक चंचलता 25 टक्के. ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात हे आकडे घातले तर 960 चा कॉल साधारण 51 रुपयांना येतो, 1,000 चा 25 ला आणि 1,080 चा 3 रुपयांना. पहिल्यात 40 रुपये आंतरिक मूल्य आणि 11 रुपये कालमूल्य. दुसरे 25 आणि तिसरे 3 रुपये मात्र सगळे कालमूल्य, सगळी आशा. कालमूल्य सर्वांत जास्त एटीएमला असतं, कारण तिथेच अनिश्चितता सर्वांत जास्त. आणि प्रीमियम 'वितळतो' असं बाजारात म्हणतात तेव्हा वितळतं ते हेच.

आता एक लॉट 600 शेअरचा धरून पाहू. 960 च्या कॉलला 30,600 रुपये लागले, 1,000 च्याला 15,000 आणि 1,080 च्याला फक्त 1,800. एक्सपायरीला शेअर 1,040 वर बंद झाला असं धरा, म्हणजे वीस दिवसांत चांगली चार टक्के वाढ. तिन्ही घेणाऱ्यांचा अंदाज बरोबर निघाला. पहिल्याला 17,400 रुपये मिळाले, दुसऱ्याला 9,000. तिसऱ्याचे 1,800 गेले. शेअर वर जाईल हे त्याचं म्हणणं खरं ठरूनही त्याला शून्य मिळालं, कारण त्याने दिशेवर पैसे लावले नव्हते, अंतरावर लावले होते. आणि शेअर हललाच नाही, 1,000 वरच राहिला, तर 960 वाल्याचे 6,600 जातात पण 1,000 वाल्याचे पूर्ण 15,000. 'महाग' वाटणारा आयटीएम कॉल इथे कमी हानी करतो. नवख्या माणसाला हे पहिल्यांदा पटत नाही, पण हेच आकडे कागदावर स्वतः मांडले की पटतं.

अंतर कसं मोजायचं हा या विषयातला सर्वांत रसाळ भाग. बहुतेक जण रुपयांत मोजतात, जरा जाणकार टक्क्यांत. 1,080 म्हणजे आठ टक्के वर, बस. पण आठ टक्के ही एका शेअरसाठी लांबची मजल असते आणि दुसऱ्यासाठी आठवड्याचं काम. आपल्या बँकेच्या शेअरचं 25 टक्के चंचलतेने 20 दिवसांत अपेक्षित हेलकाव्याचं माप साधारण 58 रुपये येतं. 80 रुपयांचं अंतर त्या मापाच्या सव्वापटीहून जास्त. म्हणून 1,080 च्या वर बंद होण्याची शक्यता, सूत्राच्या हिशेबाने, दहात एक. आता त्याच 1,000 भावाचा पण 50 टक्के चंचलतेचा, धातूचा किंवा बांधकामाचा एखादा शेअर घ्या. त्याचा हेलकावा 117 रुपयांचा. तेच 80 रुपये इथे मापाच्या आत येतात, शक्यता चारात एक होते आणि 1,080 च्या कॉलचा प्रीमियम 3 वरून 20 रुपयांच्या घरात जातो. स्ट्राइक तीच, टक्केवारी तीच, ओटीएमही दोन्ही, पण दोन वेगळ्याच गोष्टी. दिवसांचंही तसंच. बँकेच्या त्या कॉलला एक्सपायरीचे दोनच दिवस उरले आणि भाव अजून 1,000 वरच असेल, तर 1,080 हे व्यवहारात क्षितिजापलीकडे गेलेलं असतं.

म्हणून अभ्यासू लोक मनीनेस चंचलता आणि काळ या दोघांनी भागून मोजतात. सामान्य ट्रेडरला ते सूत्र पाठ करायची गरज नाही. ब्रोकरच्या पडद्यावर 'डेल्टा' नावाचा आकडा असतो, तो ढोबळमानाने हेच सांगतो. 960 च्या कॉलचा डेल्टा 0.78 च्या आसपास, 1,000 च्याचा 0.5 च्या जरा वर, 1,080 च्याचा 0.11. शेअर एक रुपयाने हलला तर प्रीमियम किती हलेल हा त्याचा मूळ अर्थ. पण हक्क आयटीएममध्ये संपण्याची शक्यता म्हणूनही तो जवळपास चालतो. माझ्या मते ऑप्शन विकत घेण्यापूर्वी बघायचा एकच आकडा सांगायचा झाला, तर तो प्रीमियम नाही, डेल्टा आहे.

सूत्रालाही मर्यादा आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ते सगळ्या स्ट्राइकना एकच चंचलता धरतं. बाजार तसा वागत नाही. 19 ऑक्टोबर 1987 च्या अमेरिकेतल्या कोसळणीनंतर तिथल्या निर्देशांकाच्या दूरच्या ओटीएम पुटना लोक जास्त किंमत मोजू लागले, कारण असं अघटित पुन्हा घडू शकतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून स्ट्राइकनुसार चंचलता बदलते.

आता त्या तीन रुपयांच्या कॉलकडे परत येऊ, कारण सामान्य माणसाचे पैसे तिथेच जातात. एक्सपायरीच्या दिवशी एक-दोन रुपयांचे ओटीएम उचलण्याला 'हीरो-झीरो' म्हणतात. अठराशे रुपयांत लॉट मिळतो म्हणून तो स्वस्त वाटतो. पण दहातल्या नऊ वेळा शून्य होणारी वस्तू तीन रुपयांना मिळाली तर ती स्वस्त आहे असं म्हणता येत नाही, तिची किंमत तेवढीच आहे. सेबीने 2024 च्या सप्टेंबरात दिलेल्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत इक्विटी वायदे आणि ऑप्शन करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात होत्या आणि त्यांचा एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून जास्त होता. 2024-25 मध्ये हे प्रमाण 91 टक्के आणि तोटा सुमारे 1.05 लाख कोटी. हे आकडे एकट्या ओटीएमचे किंवा एकट्या शेअर ऑप्शनचे नाहीत, निर्देशांकाचे सौदेही त्यात आहेत. तरीही ज्या घरांतून हे पैसे गेले, त्या घरांचा विचार केल्यावर मला हा विषय फक्त गणिताचा वाटत नाही.

आपल्या बाजारातले काही नियम मनीनेसचा अर्थच बदलून गेले आहेत, आणि मराठी वाचकाला हे इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. पहिला बदल 2011 चा. तोवर आपले शेअर ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे होते, मुदतीत केव्हाही हक्क वापरता यायचा. जानेवारी 2011 पासून ते युरोपियन झाले, हक्क फक्त एक्सपायरीला. म्हणून कराराच्या नावापुढे आता सीई आणि पीई असतं, पूर्वी सीए आणि पीए असायचं. याचा एक परिणाम लोकांना कोड्यात टाकतो. आपल्या उदाहरणातला 1,080 चा पुट घ्या. आंतरिक मूल्य 80 रुपये, पण सूत्र त्याची किंमत 79 च्या आसपास सांगतं. आंतरिक मूल्यापेक्षा कमी! कारण हे 80 रुपये आज मिळत नाहीत, वीस दिवसांनी मिळायचे आहेत आणि त्या वीस दिवसांच्या व्याजाची वजाबाकी आशेपेक्षा मोठी ठरते. खोल आयटीएम पुट पडद्यावर 'स्वस्तात' दिसला तर हे लक्षात असू द्या.

दुसरा बदल फार मोठा. पूर्वी एक्सपायरीला फक्त फरकाची रक्कम मिळायची किंवा द्यावी लागायची. सेबीने 2018 मध्ये शेअरच्या वायद्यांत आणि ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष डिलिव्हरी टप्प्याटप्प्याने आणायचं ठरवलं आणि ऑक्टोबर 2019 च्या एक्सपायरीपासून ती सगळ्या शेअरना लागू झाली. निर्देशांकाचे ऑप्शन आजही रोखीत मिटतात, शेअरचे नाही. तुमचा 960 चा कॉल आयटीएममध्ये संपला तर 960 गुणिले 600, म्हणजे 5,76,000 रुपये मोजून शेअर घ्यायचे. पुट आयटीएममध्ये संपला तर 600 शेअर डीमॅटमधून द्यायचे, नसतील तर लिलावाला सामोरं जायचं. म्हणूनच एक्सपायरीच्या चार दिवस आधीपासून आयटीएम ऑप्शन घेऊन बसलेल्यांकडूनही डिलिव्हरीचं मार्जिन वाढत्या दराने मागितलं जातं. आयटीएम की ओटीएम हे ठरतं शेअरच्या बंद भावावर, आणि तो भाव वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीने निघत आला आहे. साडेतीनला पडद्यावर दिसलेला शेवटचा भाव 999 असला तरी बंद भाव 1,000.40 निघू शकतो, आणि मग ओटीएम समजून सोडून दिलेला कॉल सहा लाखांची मागणी घेऊन उभा राहतो.

30 डिसेंबर 2021 च्या एक्सपायरीला हिंदाल्कोचा शेअर 450 च्या किंचित खाली बंद झाला. 450 चे पुट जेमतेम आयटीएममध्ये गेले. ज्यांच्याकडे शेअर नव्हते आणि पुट मात्र उरले होते, त्यांच्यावर शेअर देण्याची जबाबदारी आली, आणि ते लिलावात ओढले गेले. असे काठावरचे हक्क न वापरण्याची मुभा देणारी 'डू नॉट एक्सरसाइज' ही सोय ऑक्टोबर 2021 मध्येच काढून घेतली गेली होती. या घटनेनंतर 2022 मध्ये ती परत आली आणि मार्च 2023 च्या एक्सपायरीपासून पुन्हा गेली. आज शेअर ऑप्शन पाच पैशांनी आयटीएम असला तरी आपोआप वापरला जातो. ही सोय काढणं मला पटलेलं नाही. डिलिव्हरी सक्तीची ठेवा, पण काठावरच्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार हक्कदाराला हवाच, नाहीतर 'हक्क' या शब्दाला अर्थ उरत नाही.

कराचीही अशीच एक जुनी जखम आहे. आयटीएम ऑप्शन एक्सपायरीला वापरला गेला की पूर्वी 0.125 टक्के एसटीटी (सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, सौद्यावरचा कर) आंतरिक मूल्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर लागायचा. 1,000 चा कॉल, बंद भाव 1,001, लॉट 600. मिळकत 600 रुपये, कर सुमारे 750. सप्टेंबर 2019 पासून हा कर फक्त फरकावर आला, हे चांगलंच झालं. पण शेअर ऑप्शन डिलिव्हरीत गेला की डिलिव्हरीच्या व्यवहाराचा एसटीटी पूर्ण रकमेवर लागतो, हे लक्षात ठेवावं.

बोनस आणि विभाजनात मात्र मनीनेस नीट जपला जातो. रिलायन्सने 2024 च्या ऑक्टोबरात एकास एक बोनस दिला, तेव्हा शेअरचा भाव निम्मा झाला. त्याबरोबर स्ट्राइकही निम्म्या झाल्या आणि लॉट 250 वरून 500 झाला. आयटीएम होता तो आयटीएमच राहिला. साध्या लाभांशाला असं संरक्षण नसतं, ते फक्त ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या लाभांशाला मिळतं.

त्या मंगळवारी शिक्षकांचा कॉल 19 रुपये 40 पैशांना विकला गेला. तोटा 3,360 रुपये आणि वर दलाली. त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या वेळी काय बघायचं ते त्यांनी वहीत लिहून घेतलं: स्ट्राइक अधिक प्रीमियम किती, डेल्टा किती, आणि स्ट्राइक गुणिले लॉट किती. हे तीन आकडे प्रत्येक ब्रोकरला 'खरेदी करा' या बटणाच्या शेजारी, मराठीत, रुपयांत दाखवता येतील. त्याला नवं तंत्रज्ञान लागत नाही. सेबीने आणि दोन्ही शेअरबाजारांनी ते सक्तीचं करावं. आणि तोवर तुमच्या हातात या महिन्याचा शेअर ऑप्शन असेल, तर डिलिव्हरी घ्यायची की आधीच विकायचा, हे एक्सपायरीच्या आधीच्या आठवड्यातच ठरवा.